भरती केल्यावर नेमकं काय होतं?

"भरती केलं तर सुटते का जी?" चंद्रपूर-गडचिरोलीत व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. मग बाकीचे येतात. किती दिवस ठेवतात? बांधून ठेवतात का? कसलं इंजेक्शन देतात? हे सगळं बायको किंवा आई विचारत असते. ज्याच्यासाठी विचारणं चाललेलं असतं तो बहुतेक वेळा बाजूला खाली मान घालून बसलेला असतो. त्याच्या मनातला प्रश्न वेगळा असतो: प्यायला मिळाली नाही तर माझं काय होईल?

या भीतीला घरचे बहाणा समजतात. तो बहाणा नाही. तिच्यामागे शरीराचं खरं कारण आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

1. एका पव्व्याचा हिशेब

देशी दारूच्या 180 मिलिलिटरच्या पव्व्यावर 42.8 टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे त्यात सुमारे 77 मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल. अल्कोहोल पाण्याहून हलकं असल्यामुळे वजनात ते साधारण 61 ग्रॅम भरतं. माणसाचं लिव्हर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोल जाळतं. त्यामुळे एक पव्वा शरीरातून पुरता निघून जायला सहा ते नऊ तास लागतात आणि दोन पव्व्यांना बारा ते अठरा. रोज दोन पव्वे पिणाऱ्याच्या रक्तात दिवसाचा बहुतेक वेळ दारू असतेच, तो झोपलेला असो की बांधीत उभा असो. मोहाच्या दारूचा हिशेब असा मांडता येत नाही. पहिल्या धारेची कडक, नंतरची पातळ, आणि बाटलीवर काहीच छापलेलं नसतं.

दारू मेंदूला सुस्त करते. ती रोजच येऊ लागली की काम चालू ठेवण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना कायमची वाढवून ठेवतो. हे महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. मग एके दिवशी दारू अचानक बंद होते. सुस्त करणारं काही उरत नाही आणि वाढवून ठेवलेली उत्तेजना एकटीच मागे राहते. हात कापतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, उलट्या होतात. याला विड्रॉवल म्हणतात. सकाळी उठल्या उठल्या घोट घेतल्याशिवाय ज्याला चहाची कपबशी धरता येत नाही, तो या अवस्थेतून रोज जात असतो. त्याच्या इच्छाशक्तीची परीक्षा घेण्याची ती वेळ नव्हे.

2. सगळ्यांना भरती व्हावं लागतं का?

नाही. हे आधी सांगायला हवं, कारण "नागपूर-पुण्याला नेऊन महिना-दोन महिने ठेवणं जमणार नाही" म्हणून अनेक घरं उपचाराचा विचारच सोडून देतात. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 5 कोटी 70 लाख आहेत. दारूच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी 38 जणांत एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता आणि भरती होऊन उपचार घेतलेला 180 जणांत एक. एवढ्या खाटा कुठेच नाहीत, आणि प्रत्येकाला खाट लागतही नाही.

ज्याचा त्रास सौम्य आहे, घरात लक्ष द्यायला कोणी आहे आणि जो दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात येऊ शकतो, त्याचा उपचार घरी राहून होतो. गडचिरोलीत 2016 पासून सरकार, टाटा ट्रस्ट आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था यांनी मिळून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी जिल्हाव्यापी कार्यक्रम चालवला. त्यात तालुक्याच्या ठिकाणी क्लिनिक आणि गावांत शिबिरं हाच मार्ग धरला होता. कोरची किंवा भामरागडच्या माणसाला दीडशे किलोमीटर दूर न्यायचं, की उपचारच त्याच्या तालुक्यात आणायचा? मला दुसरी वाट अधिक शहाणपणाची वाटते.

भरती मात्र टाळू नये असे काही लोक असतात. दारू थांबवल्यावर ज्याला पूर्वी झटके आले आहेत, भास झाले आहेत. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. ज्याला कावीळ किंवा पोटात पाणी झालं आहे. घरी उपचार करून दोनतीनदा फसलेला. आणि ज्याच्या घरातच दारू गाळली जाते तो.

3. पहिले चार दिवस

मूल तालुक्यातला एक शेतमजूर डोळ्यांसमोर आणू. रोजची दारू, पंधरा वर्षांची सवय. शेवटचा घोट रविवारी रात्री नऊ वाजता. सोमवारी सकाळी तो केंद्रात येतो.

आल्याबरोबर पिशवी तपासतात. कपड्यांच्या घड्या, पँटचे खिसे, चपलेचा तळ, सगळं बघतात. बाटली क्वचित सापडते. खर्ऱ्याची पुडी हमखास. मग वजन, रक्तदाब, रक्ताची तपासणी. नर्सताई म्हणते, "भाऊ, दोन्ही हात समोर करा, बोटं पसरा." बोटांच्या टोकांकडे ती काही क्षण बघत राहते. कपाळाला हात लावून घाम पाहते. "आज वार कोणता? आपण कुठे आहोत?" दर काही तासांनी हेच प्रश्न पुन्हा. रुग्णाला वाटतं, ही सारखं तेच तेच का विचारते? ती उगाच विचारत नसते. थरथर, घाम, बेचैनी आणि भान यांवरूनच औषधाचा डोस कमी-जास्त होत असतो.

शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून, म्हणजे सोमवारी पहाटेपासूनच, त्याचे हात कापू लागलेले असतात. मंगळवारी रात्रीपर्यंतचा काळ झटक्यांचा धोका सर्वांत जास्त असलेला. मंगळवार रात्र ते गुरुवार रात्र हा काळ काही थोड्या रुग्णांसाठी त्याहून अवघड असतो. भान हरपतं, ताप चढतो, भिंतीवर मुंग्या-साप दिसतात, मेलेल्या माणसांशी बोलणं सुरू होतं. घरी असताना हे झालं तर बाहेरची बाधा समजून माणसाला पुजाऱ्याकडे नेतात आणि त्यात मोलाचे तास जातात. या अवस्थेत जीव जाऊ शकतो. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याला घरच्यांनी खोलीत कोंडून "आता बघू कसा पितो" म्हणणं म्हणूनच घातक आहे.

उपचार साधा आहे, पण नेमका. क्लोरडायझेपॉक्साइड, डायझेपाम किंवा लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम. दारूने जी शांतता मेंदूला मिळत होती ती या गोळ्या तात्पुरती देतात आणि पाच-सात दिवसांत डोस उतरवत बंद करतात. दुसरं औषध ब-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. इकडे नातेवाइकांचा एक आग्रह असतो, "डॉक्टर, ताकदीची सलाईन लावा न जी." रोज पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 आधीच आटलेलं असतं. ते न देता नुसती ग्लुकोजची सलाईन चढवली तर उरलंसुरलंही खर्ची पडून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी इंजेक्शन, मग सलाईन, हा क्रम डॉक्टर सोडत नाहीत.

ब्राउन शुगरसारख्या अफूजन्य नशेचं गणित उलटं आहे. ती थांबवल्यावर अंगदुखी, जुलाब, नाकाडोळ्यांतून पाणी असा हाल हाल करणारा त्रास होतो, पण सहसा जीव जात नाही. धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि जुन्या मापाने घेतलेली पहिलीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. गांजा सोडताना चिडचिड, झोपेचा खोळंबा आणि भूक मरणं हे मुख्य त्रास.

4. आठव्या दिवशी "मी बरा झालो"

आठवड्याभरात झोप लागते, भूक लागते, हात थांबतात. माणूस चारचौघांसारखा दिसू लागतो. नेमकी इथे बहुतेक घरांची फसगत होते. तो म्हणतो, "आता काही नाही, घरी चला." घरच्यांनाही पटतं. शरीरातून दारू गेली हे खरं, पण दारूभोवती बांधलेला दिवस तसाच आहे.

पुढचे आठवडे त्यासाठी असतात. पुण्याच्या 'मुक्तांगण'मध्ये हा उपचार 35 दिवसांचा ठरलेला आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ते केंद्र सुरू केलं. महाराष्ट्रातल्या अनेक केंद्रांची दिनचर्या थोड्याफार फरकाने तिथल्यासारखीच आढळते: पहाटे उठणं, व्यायाम, झाडलोट, भांडी घासणं, गटसभा, समुपदेशकाशी एकट्याने बोलणं, संध्याकाळी खेळ किंवा गाणी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात उपचार कुठे आहे? वर्षानुवर्षं ज्याची संध्याकाळ एकाच ठिकाणी संपत होती, त्याला संध्याकाळचे दोन तास दारूशिवाय घालवता येणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

गटसभेची ताकद 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावी दोन दारुड्यांना उमगली. एक शेअर दलाल, दुसरा सर्जन. एकमेकांशी खरं बोलत राहिलो तर पिणं टळतं, हे त्यांनी स्वतःवरच अनुभवलं आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. गटात डॉक्टरचा उपदेश चालत नाही. "मी पोरीच्या शाळेच्या फीचे पैसे प्यायलो" असं एक जण म्हणतो आणि दुसऱ्याला आपली गोष्ट सांगायला तोंड फुटतं.

समुपदेशक एक नेमकं काम करवून घेतो. शेवटच्या पाच वेळा कधी प्यायलास, ते लिही. कुठे, कोणासोबत, त्याआधी काय झालं, खिशात किती पैसे होते. पाच ओळी लिहून झाल्या की माणूस स्वतःच चकित होतो. पाचपैकी चार वेळा तोच मित्र किंवा तोच रस्ता निघतो. तलफ बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ काय करायचं, कोणाला फोन करायचा, कोणत्या वाटेने घरी जायचं, हे तिथे आधी ठरवून ठेवतात.

आणि खर्रा? सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटलेली ती पुडी आपल्या भागात दारूहून जास्त तोंडांत असते. बायका दातांना तंबाखूची नस घासतात, पोरं शाळेच्या वयात खर्रा शिकतात. "एकदम दोन्ही कसं सोडणार, खर्रा तरी राहू द्या" असं सगळेच म्हणतात. निकोटीनचा त्रास पहिल्या तीन-चार दिवसांत टिपेला पोचतो आणि दोन ते चार आठवड्यांत निवळतो. म्हणजे भरतीच्या मुदतीत तो मावतो. पानठेल्यावर खर्रा घोटून मिळेपर्यंत जे उभे असतात, तेच बहुधा संध्याकाळचे दारूचे सोबती असतात. दोन्ही एकत्र सोडण्याच्या बाजूने माझं मत आहे, आणि तंबाखू सोडल्याने दारू सोडणं अवघड होतं याला ठोस आधार नाही.

5. जेवणात मिसळलेली पावडर

डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे. 1940 च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी जंतांवरचं औषध म्हणून तिची तपासणी करताना ती स्वतः घेऊन पाहिली. दारू प्यायल्यावर त्यांचे चेहरे लाल झाले, छाती धडधडू लागली. ही गोळी घेणाऱ्याच्या शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडतं आणि त्यातून तयार झालेला विषारी पदार्थ साचतो. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदयविकार असेल तर मृत्यूही येऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतर हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो.

रुग्णाला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, घरच्या एखाद्या माणसाच्या देखरेखीखाली दिली तर ही गोळी उपयोगी आहे. भाजीत, चहात गुपचूप मिसळणं हा मात्र त्याच्या जिवाशी खेळ आहे. बाजारात पुड्यांमधून मिळणाऱ्या "नकळत दारू सोडवा" औषधांत काय असतं हे विकणाराही सांगत नाही. ती घेऊ नका. तलफ कमी करणारी नालट्रेक्झोन आणि ॲकॅम्प्रोसेट ही औषधंही आहेत. कोणाला कोणतं हे लिव्हर आणि किडनीच्या तपासणीवर ठरतं.

6. बळजबरी आणि साखळी

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. सज्ञान माणूस शक्यतो स्वतःच्या इच्छेने भरती होतो. इच्छा नसताना भरती करण्यासाठी त्याच्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज आणि तज्ज्ञांची तपासणी लागते, आणि अशी भरती पहिल्या वेळी जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. साखळीने बांधणं कायद्याने कोणत्याही स्वरूपात बंद आहे. 2001 मध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीला लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले, तेव्हा देशाला या प्रकाराची दखल घ्यावी लागली. जिथे मारहाण हा उपचार म्हणून सांगतात, भेटायला मनाई करतात, फोन पूर्ण बंद ठेवतात, तिथून आपला माणूस परत आणा.

भरतीची भीती घालवायची कशी, याचं एक उत्तर धानोरा तालुक्यातल्या चातगावजवळ 'सर्च'च्या शोधग्रामला मिळालं आहे. 'सर्च'ने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं की तो कसा असावा. मोठ्या इमारतीत दम घुटतो, नातेवाइकांना बाहेर काढतात, आमचा देव तिथे नसतो, असं लोकांनी सांगितलं. म्हणून दवाखाना झोपड्यांचा झाला, सोबतच्या माणसाला रुग्णाजवळ राहता येऊ लागलं आणि नाव पडलं 'मा दंतेश्वरी दवाखाना'. व्यसनमुक्तीचे निवासी उपचारही याच परिसरात होतात. बायको किंवा भाऊ सोबत असला की त्यांनाही आजार समजतो, हा त्यातला मोठा फायदा.

7. केंद्र म्हणजे पऱ्हे, गाव म्हणजे बांधी

झाडीपट्टीतल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पऱ्हे जोमदार आले म्हणून कोणी धान झाला असं म्हणत नाही. रोवणी व्हायची असते, बांधीत पाणी राखायचं असतं. केंद्रात दारू नव्हती, भांडण नव्हतं, देणेकरी नव्हता. हे सगळं गावात आहे.

आणि आपल्या गावांची तऱ्हाही वेगळी. वैनगंगेच्या पलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. नदीच्या अलीकडे चंद्रपूरमध्ये 'श्रमिक एल्गार' संघटनेच्या नेतृत्वाखाली बायकांनी 2010 मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. चंद्रपूरच्या रुग्णाच्या वाटेवर परवान्याचं दुकान आहे. गडचिरोलीच्या रुग्णाच्या वाटेवर ते नाही, पण चोरून आलेली बाटली आणि शेजारच्या घरातली मोहाची भट्टी आहे. बंदी असल्याने समोर दुकान नसणं नव्याने सोडलेल्यासाठी मोठा आधार आहे असं मी मानतो. पण ती एकटी पुरत नाही.

धोक्याच्या दिवसांचं इथलं स्वतःचं पंचांग आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, गाव त्या वासाने भरतं. मे महिन्यात तेंदूपत्त्याचे पैसे हातात येतात. लग्नं असतात. आदिवासी घरांत जन्मापासून मरणापर्यंतच्या विधीत मोहाची दारू देवाला वाहतात. दिवाळीनंतर मंडई आणि रात्रभराची झाडीपट्टी नाटकं. बल्लारपूर-घुग्घूसच्या कामगाराला पगाराची तारीख. सुटी देण्याआधी रुग्ण आणि घरचे बसून पुढच्या सहा महिन्यांचे असे दिवस लिहून काढतात का? पूजेत दारू देवाला वाहायची, पण आपण ओठाला लावायची नाही, हे घरच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून ठरतं का? ज्या केंद्रात हे होत नाही तिथला उपचार अर्धाच आहे.

पहिल्या वर्षात निम्म्याहून अधिक लोक एकदा तरी पुन्हा पितात, असा जगभरचा अनुभव आहे. पहिल्या घोटानंतर घरातून "सगळे पैसे पाण्यात गेले" असं ऐकू आलं की दुसरा घोट पक्का. त्याच दिवशी केंद्राला फोन केला तर बहुतेकदा दोन-चार दिवसांत सावरता येतं. उशीर केला तर आणखी एक अडचण आहे. दर वेळी पुन्हा सुरू करून अचानक थांबवलं की विड्रॉवल आधीपेक्षा जोराचा येतो, झटक्यांचा धोका वाढतो.

गावही काही करू शकतं. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण आणण्याचा अधिकार दिला आहे. उपचार घेऊन परतलेल्याला आग्रह करून पाजणाऱ्याला ग्रामसभेने जाब विचारला, तर महिनाभराच्या भरतीचं चीज होतं.

8. नेण्याआधी काय विचाराल?

डॉक्टर रोज येतात का, रात्री झटका आला तर काय करता? पूर्ण खर्च किती, लेखी द्याल का? आम्हाला भेटता येईल का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सुटीनंतर वर्षभर भेटायला कुठे आणि किती दिवसांनी यायचं? या शेवटच्या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर नाही, तिथे भरती करू नका.

जवळ काहीच नसेल तर फोन करा. टेलिमानस 14416 हा मानसिक आरोग्याचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय क्रमांक 14446 आहे. दोन्ही मोफत. घरातला माणूस रोज पीत असेल आणि उद्यापासून एकदम बंद करतो म्हणाला, तर त्याला शाबासकी द्या आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा.